अठ्ठ्याहत्तरची ॲडमिशन

परभणीहून सकाळी साडेसहाच्या आसपास सुटणाऱ्या मराठवाडा एक्सप्रेसमध्ये हौस म्हणून कुणी बसत नाही. या गाडीतल्या माणसाच्या हातात फाइल असते. प्लास्टिकची, टिचबटणाची, पारदर्शक. आत सातबारा आणि वकिलाने मागितलेले कागद, नाहीतर मग सोनोग्राफीचा रिपोर्ट. १९८१ साली औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं तेव्हापासून अख्ख्या मराठवाड्याची भांडणं या गाडीने प्रवास करतात. आजार त्याच्याही आधीपासून करतात, कारण घाटीचा दवाखाना तिथे आहे. तिसऱ्या प्रकारची फाइल पोरापोरींकडे असते. त्यात मार्कमेमो असतात आणि ती विद्यापीठात चाललेली असतात.

आमच्याकडे फाइल नव्हती. धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती, आणि आत्याने स्वेटरवर शाल घेतली होती.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिसेंबरात दोन आठवडे वर्क फ्रॉम होम मिळालं की पिंगळीला येतो. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला नेटवर्क बरं लागतं, तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून मीटिंगा करतो. आत्या दिवाळीनंतर माहेरी आली होती आणि यंदा राहिली होती. मामा (म्हणजे तिचे मिस्टर) जाऊन चार वर्षं झाली, सासरी आता सुनेचं राज्य, त्यामुळे तिला कुणी लवकर परत बोलवत नाही आणि तीही विचारत नाही. एका संध्याकाळी मी फोनवर गाड्या बघत होतो. ती शेजारी शेंगा फोडत बसली होती.

"त्याच्यात औरंगाबादच्या गाड्या बी दिसतात का रे?"

"सगळ्या दिसतात."

"ठेसनापासून विद्यापीठ किती लांब पडतं?"

मी मॅप उघडला. सहा-सात किलोमीटर.

"मग एकदा बघून यावं म्हणते."

बाबा खाली ओसरीवर होते. ते म्हणाले, "आक्का, विद्यापीठात काय बघायचंय? वेरूळला जा की याच्यासंगं." आत्या म्हणाली, "वेरूळ तीनदा झालंय."

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. दंगलीमुळं आक्काचं शिक्षण राहिलं. पाहुण्यांना आत्याची ओळख करून देताना, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, कुणाच्या पोरीला बाहेरगावी पाठवायचं की नाही यावर चर्चा चालू असताना, हे वाक्य हमखास यायचं. मराठवाड्यात अशी वाक्यं घरोघरी असतात. ‘बहात्तरच्या दुष्काळात विहीर गेली’, तसंच हे. मी कधी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. दंगल म्हटलं की मला टीव्हीवरची दंगल आठवायची, आणि आत्या त्यातून वाचली एवढंच डोक्यात होतं.

पिंगळीच्या स्टेशनात सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून पहाटे मोटारसायकलवर परभणी गाठली. बारा किलोमीटर थंडी. आत्या मागे बसून एकच सांगत होती, की ती कॉलेजला जायची तेव्हा हे अंतर ती रेल्वेनेच जायची. १९७५ ते १९७८, तीन वर्षं, पिंगळी ते परभणी. तेव्हा लहान रूळ होते, मीटरगेज. निजामाच्या रेल्वेने १९०० च्या सुमारास हैदराबादेहून मनमाडपर्यंत टाकलेला हा मार्ग, आणि त्यावर नव्वदच्या दशकापर्यंत तेच लहान रूळ राहिले. कोळशाचं इंजिन. खिडकीशी बसलं की डोळ्यात कण जायचे. "पांढरं लुगडं नेसायचीच सोय नव्हती," ती म्हणाली. पिंगळीहून कॉलेजला जाणारी ती एकटीच मुलगी होती. गाडीत मात्र दुसरी एक असायची. पलीकडच्या एका स्टेशनाजवळच्या गावाहून ती आधीच बसून आलेली असायची आणि आत्याची जागा धरून ठेवायची.

त्या मुलीचं नाव आत्याने मला सांगितलं आहे. इथे लिहीत नाही.

गाडीत जागा मिळाली. ज्येष्ठ नागरिकांची सवलत कोरोनात बंद झाली ती परत सुरू झालेली नाही, हे आत्याला तिकिटाचे पैसे बघून कळलं आणि मानवतरोडपर्यंत तो विषय पुरला. सूर्य पेडगावच्या पुढे वर आला. डाव्या बाजूला कापसाची शेवटची वेचणी, तुरीचे पिवळे पट्टे, हरभरा. आकाशात एक ढग नाही. डिसेंबरातलं आमच्याकडचं ऊन हे खरं तर एक स्वतंत्र पीक आहे, पण त्याला हमीभाव नाही म्हणून कुणी बोलत नाही.

सेलूच्या पुढे गाडी क्रॉसिंगला थांबली. परभणीहून मुदखेडच्या बाजूला रूळ दुहेरी झालेत, पण परभणी ते औरंगाबाद हा १७७ किलोमीटरचा पट्टा अजून एकेरी आहे. दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती २०२५ च्या जुलैअखेरीला. तोवर एक गाडी उभी राहते तेव्हा दुसरी जाते. आमच्या टीममध्ये याला डेडलॉक टाळणं म्हणतात आणि त्यावर इंटरव्ह्यूत प्रश्न विचारतात. इथे स्टेशनमास्तर शंभर वर्षांपासून ते करतोय.

गाडी उभी होती तेव्हा मी विचारलं, "आत्या, दंगलीत नेमकं झालं काय होतं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "कुणाला?"

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. मला स्वतःलाच तो नीट माहीत नव्हता आणि माझ्या वयाच्या बहुतेकांना तो तुकड्या-तुकड्यांत माहीत असतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तोवर वरच्या शिक्षणाची वाट हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठाकडे जायची. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. ज्यांच्या घरात पहिलं अक्षर शिरत होतं अशी खेड्यापाड्यांतली मुलं तिथे येऊन राहिली आणि शिकली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, पंडित नेहरूंच्या हस्ते. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरत गेली आणि २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला.

त्या रात्रीपासून मराठवाड्यात जे सुरू झालं त्याला आमच्या घरात ‘दंगल’ म्हणतात. दंगल म्हटलं की दोन बाजू डोळ्यासमोर येतात. ही तशी नव्हती. गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, विहिरी नासवल्या, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यातले. सरकारने ठराव बासनात ठेवला. मग मोर्चे, लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंग. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला शेवटी नाव दिलं गेलं, तेही ‘मराठवाडा’ हा शब्द ठेवून. म्हणून सरकारी भाषेत तो ‘नामविस्तार’, आणि लोकांच्या तोंडी ‘नामांतर’. ठरावापासून नावापर्यंत साडेपंधरा वर्षं. माझ्या कामात एखाद्या गोष्टीचं नाव बदलायला दोन कळा दाबाव्या लागतात आणि तरी आम्ही त्यावर तासभर वाद घालतो.

"आपल्या घराला काय झालं न्हाई," आत्या म्हणाली. "आपल्या घराला कोण काय करणार होतं? आपण काय त्या वस्तीत राहत होतो?"

मग तिने सांगितलं ते असं. बी.ए.चा निकाल जूनमध्ये लागला. तिला आणि त्या मैत्रिणीला, दोघींनाही मराठीत एम.ए. करायचं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात ‘अस्मितादर्श’चे अंक यायचे, औरंगाबादहून गंगाधर पानतावणे काढायचे ते. मैत्रीण ते वाचायची आणि गाडीत हिला वाचून दाखवायची. दोघींनी एकाच दिवशी अर्ज टाकले आणि जुलैत दोघींना पत्र आलं. आजोबांनी विरोध केला नव्हता. ते म्हणाले होते, जा, होस्टेलवर राहा, दोन वर्षांचा प्रश्न आहे. ट्रंक घेतली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरलं होतं.

मग गाड्या बंद झाल्या, एसट्या बंद झाल्या. आजोबा म्हणाले, निवळू दे. यात खोटं काही नव्हतं.

"अन् मग?"

"मग काय, निवळलं. पोळ्यापर्यंत सगळं निवळलं. गाड्या सुरू झाल्या. कॉलेजं सुरू झाली. पण तवर जिंतूरकडचं स्थळ आलतं. तुझे आजोबा म्हणले, आता एवढ्या वातावरणात पोरीला कुठं पाठवायचं. वातावरण कुठं होतं? पण म्हणायला झालं ना. पाहुण्यांना सांगायला झालं. माझं लग्न दंगलीनं न्हाई लावलं बाबा. तुझ्या आजोबांनी लावलं."

समोरच्या बाकावर फाइलवाले एक काका बसले होते. ते मघापासून पेपर वाचत होते, पण बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं.

"आणि तुझी मैत्रीण?"

"तिचं घर गेलं. सगळं. पत्रेसुद्धा वाकले म्हणत होती. ते लोक रातोरात परभणीला आले, महिनाभर शाळेत राहिले. ती सप्टेंबरात औरंगाबादला गेली. तिच्याकडं माझंच एक लुगडं होतं नेसायला." क्रॉसिंगची गाडी धडधडत गेली, तेवढा वेळ ती थांबली. "जिचं घर जळलं ती गेली. माझ्या घराची काडी हालली न्हाई अन् मी राहिले. आन तुम्ही लोक म्हणता, दंगलीमुळं."

माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी आत्याच्या पाटल्यांतून आली होती. बाबांनी ती नंतर फेडली, पण पाटल्या परत झाल्या नाहीत, पैसेच दिले. तेव्हा ती म्हणाली होती की मला काय आता मिरवायचंय. हे मी तिला त्या क्षणी बोलून दाखवलं नाही. ते बरं दिसलं नसतं, आणि समोर काका होते.

परतूर, जालना, बदनापूर. जालन्याला गाडी अर्धी रिकामी झाली आणि लगेच दुप्पट भरली. चिकलठाणा गेल्यावर आत्याने शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि केसांवरून हात फिरवला.

स्टेशनवर नवी पाटी आहे, छत्रपती संभाजीनगर. आत्याने ती मोठ्याने वाचली. या शहराला नावांची सवय आहे. १६१० साली मलिक अंबरने वसवलं तेव्हा खडकी, त्याच्या मुलाने केलं फतेहनगर, औरंगजेबाने औरंगाबाद, आणि २०२३ पासून आताचं. रिक्षावाल्याला मी काय म्हणू याचा विचार करत होतो, तर आत्याने थेट सांगितलं, "विद्यापीठ गेट." त्या नावाबद्दल कुणाच्याच मनात गोंधळ नसतो.

रस्त्यात भडकल दरवाजा लागला. तो मलिक अंबरनेच बांधलेला, विजयाची खूण म्हणून, आणि आता त्याच्याजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. पुढे डावीकडे पाणचक्की. मला तिथे थांबायचं होतं, कबूल करतो. डोंगरातलं पाणी मैलोन् मैल मातीच्या नळांतून, फक्त उताराच्या जोरावर आणायचं, वाटेत दाब मोकळा करायला मनोरे उभारायचे आणि शेवटी त्याच पाण्यावर जातं फिरवायचं. पंप नाही, वीज नाही. शहरासाठी अशी नहर खोदायची सुरुवात मलिक अंबरने केली. तो इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. पण आत्या म्हणाली, येताना बघू. येताना आम्ही बघितलं नाही. नागसेनवन गेलं, मिलिंदच्या इमारती गेल्या, मकबऱ्याकडे वळणारा रस्ता गेला, आणि गेट आलं.

गेटच्या फोटोत जो रुबाब दिसतो तो प्रत्यक्षात थोडा कमी आहे, कारण खालून सतत दुचाक्या जात असतात. पण मागे डोंगर आहे आणि त्या दिवशी डोंगरावर स्वच्छ ऊन होतं. दर १४ जानेवारीला इथे लांबलांबून लोक येतात, गेटपुढे हात जोडतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. आम्ही गेलो तेव्हा एक ज्यूसवाला आणि फोटो काढणारी चार मुलं, बास. मी आत्याला गेटपाशी उभं केलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे न बघता वर, अक्षरांकडे बघितलं. सात फोटो काढले, सातही तसेच आले.

आत कॅम्पस प्रचंड आहे. आम्ही बराच वेळ चाललो. आत्याचे गुडघे दुखतात, पण तिने रिक्षा करू दिली नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी थांबलो. मग ती मराठी विभाग कुठे आहे हे विचारत निघाली, मला न सांगता, पुढे पुढे. लायब्ररीच्या वाटेवर झाडांखाली पोरं-पोरी अभ्यास करत बसली होती. बहुतेकांच्या हातात नेट-सेटची, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं. काहींच्या बाजूला डबे, पाण्याच्या मोठ्या बाटल्या. म्हणजे दिवसभराची बैठक. आमच्या परभणीची मुलं आता इथे यायलाच हवीत असं नाही. १९९४ मध्येच नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं आणि आमचा जिल्हा तिकडे गेला. तरी येतात. त्यातली एक मुलगी आत्याकडे बघून सरकली आणि कट्ट्यावर जागा करून दिली.

"आजी, कुणाची ॲडमिशन करायची का? आज खिडकी बंद आहे."

"न्हाई गं. माझीच आहे. अठ्ठ्याहत्तरची."

मुलीला वाटलं आजी इथून पास झाल्यात. "अय्या, म्हणजे तुम्ही इथल्याच! कोणता विभाग?"

"मराठी."

आत्याने खोटं सांगितलं नव्हतं आणि दुरुस्तही केलं नाही. मग त्या दोघी अर्धा तास बोलल्या. मुलगी पाथरीकडची निघाली, वडील सालगडी, ही एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. घरून फोन येतो तेव्हा एकच विचारतात, कधी संपतं. एक स्थळ सांगून आलंय. आत्याने धपाटे काढले. मुलीने दोन खाल्ले आणि बोटं पुसत म्हणाली, की सेट झाली तर घरचे ऐकतील बहुतेक.

"झाली न्हाई तर?" आत्याने विचारलं.

मुलगी हसली. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "घरचे काय कारण देतात ते नीट ऐकत जा. कारण दरवेळी दुसरंच असतं."

मराठी विभागात आम्ही दहा मिनिटं होतो. आत्याने व्हरांड्यातला नोटीसबोर्ड अथपासून इतिपर्यंत वाचला, अंतर्गत परीक्षेच्या तारखांसकट. एका वर्गाचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. ती आत गेली, दुसऱ्या बाकावर बसली, आणि मी दाराशी उभा राहिलो. ती रडेल वगैरे असं मला वाटत होतं. तिने बाकावरची कोरलेली नावं वाचली, पर्समधून गोळी काढून घेतली (दुपारची बीपीची वेळ झाली होती) आणि उठली.

"ती इथंच बसली असंल," एवढंच म्हणाली.

"शोधू का? फेसबुकवर मिळेल."

"ती पंचाऐंशीच्या सुमाराला एकदा आलती जिंतूरला. कॉलेजात लागली होती शिकवायला. माझ्या सासूनं तिला ओसरीवरच चहा दिला. वेगळ्या कपात." मग जरा वेळाने, "मी काय बोलले न्हाई त्या दिवशी. ती परत आली न्हाई. आता शोधून मी काय तोंड दाखवू?"

मला सुचलं ते मी बोललो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, वयाची अट नाही, घरी बसून एम.ए. करता येईल, फॉर्म मी भरतो. फोन काढलाही. आत्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं.

"तुम्हा इंजिनिअर लोकांना समदं दुरुस्तच करायचं असतं व्हय रे?"

परतीची गाडी संध्याकाळी पाचनंतर होती. स्टेशनवर सकाळचेच काका दिसले, फाइल काखेत. आत्याने विचारलं, झालं का काम? ते म्हणाले, तारीख मिळाली. त्यांनी विचारलं, तुमचं? आत्या म्हणाली, "आमचं झालं."

करमाडपर्यंत ऊन होतं. पुढे अंधारात तिने माझा फोन मागून घेतला आणि गेटचे सातही फोटो एकेक करून बघितले. पाचवा ठेवायला सांगितला, बाकीचे पुसायला लावले.

घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले. बाबा जागे होते. त्यांनी विचारलं, "काय आक्का, बघितलं का विद्यापीठ? दंगल झाली नसती तर..."

"दाजिबा," आत्या चप्पल काढत म्हणाली. लहानपणी ती त्यांना या नावाने हाक मारायची, मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "तू तवा चौदा वर्षांचा होतास. तुला आठवतं ना, माझी ट्रंक कुणी परत माळ्यावर ठेवली?"

बाबा काही बोलले नाहीत. आईने आत्याचं ताट वाढायला घेतलं.